पाळण्याला बांधायचा बिब्बा

बोरी, ता. जिंतूर
रविवार, ९ नोव्हेंबर

चि. सौ. प्रियदर्शनी हिस सुमनबाईचे आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तुम्ही ठीक आहात असं तुम्ही रोज फोनवर सांगता. नव्वद दिवस मी तुमचं ठीक असणं जवळून पाहून आले आहे, त्यामुळे ते पुन्हा विचारत नाही.

पत्र पाहून तुला नवल वाटेल. फोन असताना सासूबाईंनी हे काय नवीन काढलं, असं तुझ्या मनात येईल. फोनवर कधी माझा ओमप्रकाश मध्ये येऊन बसतो, कधी सृष्टी फोन ओढून घेते, आणि समोर आपलंच तोंड दिसत असताना माणूस खरं काय बोलणार. लिहायचं म्हटलं तर माझा हात वळणाचा आहे. तेहतीस वर्षं अंगणवाडीची रजिस्टरं भरली, एकाही सुपरवायझरला त्यात खाडाखोड सापडली नाही.

कापसाची वेचणी चालू आहे. पावसानं अर्धी बोंडं काळी पडली. तुझे सासरे रोज संध्याकाळी पारावर जाऊन नातवाचा फोटो दाखवतात. पासपोर्टवरचं त्याचं नाव त्यांना उच्चारता येत नाही आणि मला उच्चारायचं नाही. ज्या नावाचा अर्थ सांगायला आईबापाला फोनमध्ये बघावं लागतं ते कसलं नाव. बारशाला मी त्याच्या कानात नागनाथ म्हटलं होतं आणि आमच्यासाठी तो नागनाथच राहील.

मी आल्यापासून गल्लीतल्या बाया रोज येऊन बसतात. त्यांना वाटतं मी स्वर्ग पाहून आले. मी त्यांना खरं सांगते. नेदरलँड्स म्हणजे एक ओला, थंड, सपाट मुलूख आहे, तिथं माझा मुलगा आणि सून दोघंही दिवसभर कामावर असतात, आणि घरी आले की उरलेलं काम करतात. मला तुमच्या त्या संसाराची कीव आली. हे मी तिथं बोलले नाही, कारण तुम्ही दोघं फार अभिमानानं मला एकेक गोष्ट दाखवत होतात.

आधी खाण्याचंच घे. सकाळी थंड पाव, त्यावर लोणी, त्यावर चॉकलेटचे दाणे. दुपारी सृष्टीच्या डब्यात पुन्हा थंड पाव, दाण्यांच्या जागी चीज. पाच वर्षांच्या वाढत्या पोरीला. माझ्या अंगणवाडीत मी असा आहार दिला असता तर गावानं टाळं ठोकलं असतं. मी इथून चार किलो ज्वारीचं पीठ नेलं, ती पोर भाकरी मागून मागून खायला लागली, तर तू ती डब्यात द्यायला तयार नाहीस. "शाळेत पोरं विचारतात, आई." मग विचारू दे की. तुझे वडील सेलूच्या जिनिंगमध्ये आयुष्यभर भाकरीचाच डबा घेऊन गेले, त्यांना कोणी विचारलं नाही.

मग तो फ्रिजवरचा तक्ता. कोणत्या वारी पोरांची आंघोळ, कोणत्या वारी कपडे, कोणत्या वारी कोणी पोरं आणायची. सृष्टीच्या मैत्रिणीला आपल्या घरी खेळायला यायचं तर तीन आठवडे आधी तारीख. आमच्याकडे तहसीलदार इतके आढेवेढे घेत नाही. आणि संध्याकाळी सात वाजले की पोरं झोपवायची. ऑगस्टात बाहेर चक्क ऊन, आणि तू पडदे ओढून पोरांना सांगतेस की रात्र झाली. सृष्टी पडद्याच्या फटीतून बघून मला म्हणाली, "आज्जी, आई रोजच असं सांगायलीय." पोरीला कळत होतं.

संडासातलं कॅलेंडर मात्र मी बायांना सांगितलं नाही, लाज वाटली. नातेवाइकांचे वाढदिवस संडासात टांगायचे ही कुठली रीत. तिकडचे लोक टांगतात म्हणून तूही टांगलंस. पानं उलटून पाहिली तर मार्चच्या १४ तारखेला माझं नाव, शेजारी फूल काढलेलं. रोज सकाळी ते कॅलेंडर बघायची पाळी माझ्यावर आली.

आणि ती तुझी सायकल. पुढं लाकडी पेटी, पेटीत दोन लेकरं, वर पावसाचा कागद, आणि आमची इंजिनिअर सून वाऱ्यापुढं वाकून पॅडल मारतेय. सेलूत तुझ्या वडिलांनी तुला कधी रिक्षाशिवाय शाळेत धाडलं नाही. मी खिडकीत उभी राहून बघायची आणि मनात म्हणायची, यासाठी एवढं शिकलीस का.

पाळणाघराचं तर मला आजही पटलेलं नाही. घरात आजी आहे, तेहतीस वर्षं जिनं गावाची पोरं वाढवली ती आजी, आणि आठ महिन्यांचं पोर आठवड्यातून तीन दिवस परक्या बायांकडे. का, तर जागा सोडली तर पुन्हा मिळत नाही. तू हे मला दोनदा समजावून सांगितलंस. मला दोन्ही वेळा कळलं होतं. राग कळण्या न कळण्याचा नव्हता.

डॉक्टरविषयी काय लिहू. फोन उचलणारी पोरगी तिकडं डॉक्टरच्याही वर. पोर आजारी आहे म्हटलं की तापाच्या गोळीचं नाव सांगणार आणि दोन दिवस वाट बघा म्हणणार. आमच्या उपकेंद्राची नर्ससुद्धा निदान पोटाला हात लावून बघते.

त्या दोन बायकांचंही लिहून टाकते. उंच, गोऱ्या, हातात कागद. बूट न काढता आत आल्या आणि सोफ्याच्या टोकाला बसल्या. एवढ्याशा डागांवरून एवढं. आता त्यांच्यातलीच एक दर शुक्रवारी तुला पोर कसं सांभाळायचं ते शिकवायला येते. तिला स्वतःला मूल नाही, हे तूच मला सांगितलंस. अशा बाईनं दोन लेकरांच्या आईला

दारात कोकिळा आली आहे. उरलेलं नंतर.

सोमवार, १० तारीख

काल पत्र अर्धवट राहिलं. कोकिळा तुला आठवणार नाही, लग्नात तू तिला एकदाच पाहिलंस. खालच्या आळीची, दरवर्षी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते. आज त्यांची टोळी निघाली, म्हणून काल भेटायला आली होती.

ती चहा घेत नाही माझ्या घरी, कधीच घेतलेला नाही. उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "बाई, नातू कसा हाय?"

मी म्हटलं, चांगला आहे.

"बिब्बा बांदला का मंग पाळन्याला?"

मी म्हटलं, बांधला.

"बेस झालं. तिकडं परमुलखात कोन हाय बघायला. मी नुस्ती तेवडीच काळजी करायले."

ती गेली आणि मला पुढं एक अक्षर लिहिता आलं नाही. काल लिहिलेलं सकाळी वाचलं. चांगलं लिहिलं आहे, सगळ्यांना नावं ठेवून झाली आहेत. एकाच बाईला ठेवायची राहिली.

कोकिळेचं आधी सांगते. आठ वर्षांपूर्वी ती ऊसतोडीवरून परत आली तेव्हा तिची पिंकी दोन वर्षांची होती. वजन घ्यायला फ्रॉक वर केला तर पोटावर बिब्ब्याचे डाग. पोट दुखतं म्हणून लावलेला, कातडी जळून खपल्या धरलेल्या. त्या दिवशी माता बैठक होती. तीस-पस्तीस बाया होत्या. मी कोकिळेला मध्ये उभं केलं, पोरीचा फ्रॉक वर धरायला लावला आणि म्हटलं, अडाणीपणा याला म्हणतात, नीट बघून घ्या. ती एवढंच म्हणाली, "फडात दवाखाना कुठं ऱ्हायतो, बाई?" मी म्हटलं, कारणं सांगू नकोस. सगळ्या बाया हसल्या. मला बरं वाटलं होतं. त्या वर्षी उत्कृष्ट सेविका म्हणून माझा सत्कार झाला आणि भाषणात मी हाच किस्सा सांगितला.

तीच कोकिळा जुलैत, मी निघायच्या आदल्या दिवशी, नजर लागू नये म्हणून काळ्या दोऱ्यात ओवलेला बिब्बा घेऊन आली. म्हणाली, "तुमचा इस्वास न्हाई ठाव हाय मला. पन लेकरासाठी असू द्या. लावू नका बरं का, कातडी जळती. नुस्ता पाळन्याला बांदा." मला सांगत होती, मीच तिला शिकवलेलं. मी नाक मुरडून घेतला आणि ओव्या-वावडिंगाच्या पुडीत टाकला. तुमच्या घरी पाळणाच नव्हता, पिंजऱ्यासारखा पलंग होता. म्हणून तो पुडीतच राहिला.

आता ८ ऑक्टोबरचं. तुला ते निम्मं माहीत आहे. बाकीचं निम्मं मी कोणाला सांगितलेलं नाही.

नागनाथ दोन दिवसांपासून पोटाला गुडघे घेऊन रडत होता. तू फोन केलास, तिकडून वाट बघायला सांगितलं. बुधवारी शाळा लवकर सुटते, तू सृष्टीला घरी सोडून परत कामावर गेलीस. जाताना म्हणालीस, जास्त झालं तर लगेच फोन करा, मी अर्ध्या तासात येते. हे नीट लक्षात आहे माझ्या. तू येणार होतीस.

तो दीड तास रडला. मी ओवा शेकला, पालथा घेतला, तेल चोळलं. फोन समोर टेबलावर होता. मी केला नाही. का केला नाही ते मी महिनाभर स्वतःला वेगवेगळं सांगत आले आहे. घाबरले म्हणून, सुचलं नाही म्हणून. तसं नाही. मला दाखवून द्यायचं होतं. तुमच्या फ्रिजवरच्या तक्त्याला, त्या फोनवरच्या पोरीला, तुझ्या पाळणाघराला, आणि सगळ्यात जास्त तुला. तुझ्या घरात मी नव्वद दिवस पाहुणी होते, तक्त्यात माझ्या नावाचा एक चौकोनसुद्धा नव्हता, आणि ते पोर माझ्या हातून बरं व्हायला हवं होतं.

म्हणून मी तो बिब्बा काढला, सुईला टोचून गॅसवर धरला, तेल सुटलं, आणि बेंबीभोवती चार टिपके लावले. सृष्टी टेबलाशी रंगवत बसली होती. तिनं विचारलं, आज्जी काय करायलीस? मी म्हटलं, औषध.

अर्ध्या तासानं तो झोपला. झोपणारच होता, रडून रडून थकला होता. हे मी कुठल्याही बाईला समजावून सांगितलं असतं. पण तू संध्याकाळी आलीस तेव्हा मी म्हटलं, बघ, तुझ्या डॉक्टरवाचून बरा झाला. कसा ते सांगितलं नाही. तू त्याला मांडीवर घेतलंस आणि म्हणालीस, "आई, तुमच्या हाताला गुण आहे." मला ते फार गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी पाळणाघरात लंगोट बदलताना चार गोल भाजलेले डाग दिसले. त्यांना ते पेटत्या सिगारेटचे वाटले. त्यांच्या जागी मलाही तसंच वाटलं असतं, आणि मीही वर कळवलं असतं. मी कोकिळेला तर एवढ्यासाठी बाजारात मांडलं होतं. तू पावसात त्या पेटीच्या सायकलवर त्याला घेऊन आलीस, शर्ट वर केलास, आणि माझ्याकडे बघितलंस. सेलूच्या पोरीला बिब्बा ओळखायला वेळ लागला नाही. मी पुऱ्या तळत राहिले.

पोरांना घरात इजा होते का ते बघणाऱ्या सरकारी कचेरीतल्या त्या दोन बायका आल्या तेव्हा तू त्यांच्याशी इंग्रजीत बोललीस. मला इंग्रजी येत नाही असं तुम्ही धरून चालता, आणि ते बरंचसं खरं आहे. पण 'मदर-इन-लॉ' आणि 'नो' मला कळलं. बाकीचं सृष्टीनं सांगितलं. त्या गेल्यावर ती स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "आज्जी, आई म्हणली, मीच लावलं. पण तू लावलं होतंस ना? मी सुई बघितली." मी तिला म्हटलं, गप बस, मोठ्यांच्या मध्ये बोलू नये. ती गप्प बसली. अजूनपर्यंत गप्प आहे, शहाणी पोर आहे.

आणि रात्रीच्या जेवणाला ओमप्रकाश आला. त्याला तू तेच सांगितलंस. तो तुला माझ्यासमोर काय काय बोलला ते मी इथं लिहीत नाही. एकच लिहिते. "आई घरात होती ना? तिला विचारायचं तरी. तिनं सगळा जन्म बायांना हेच शिकवण्यात घातला, अन् तू बिब्बा लावायलीस? अक्कल हाय का?" तू खाली बघून सृष्टीच्या ताटात भात कालवत होतीस. मी त्याला आणखी एक पुरी वाढली.

तू का केलंस ते मला तेव्हा कळलं नाही, आणि नंतर जे कळलं ते मी मानायला तयार नव्हते. त्यांनी माझं नाव लिहिलं असतं तर मला नातवंडांबरोबर एकटीला ठेवलं नसतं, कदाचित पुन्हा येऊही दिलं नसतं. तू ते स्वतःवर घेतलंस. मी तुझ्याविषयी दोन महिने मनात जे जे म्हणत होते, ते तुला चेहऱ्यावरून कळत होतं, तरी घेतलंस. दिवाळीत तो तुझ्याशी धड बोलला नाही आणि माझ्यासाठी मात्र त्यानं साडी मागवली. विमानतळावर म्हणाला, "आई, तू होतीस म्हणून निभलं." ती साडी मी अजून नेसले नाही, आणि नेसणारही नाही.

हे सगळं मी पचवलं असतं. माझी पचनशक्ती चांगली आहे हे तुला दिसलंच असेल. पण गेल्या शुक्रवारी त्याचा मला फोन आला, तू शेजारी नव्हतीस. म्हणाला, त्या बायकांबरोबरची अठ्ठावीस तारखेची मीटिंग झाली की तो तुला नोकरी सोडायला लावणार आहे. तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही, आई, तू फेब्रुवारीत ये आणि पोरं तुझ्या हाताखाली घे. हेच शब्द. नव्वद दिवस मला हेच ऐकायचं होतं. ऐकलं, आणि मला स्वतःची किळस आली.

मला तुमच्या संसाराची कीव आली असं मी काल लिहिलं ते खोटं आहे. थंड पावाचं मात्र खरं आहे, ते मी मागे घेत नाही.

सोबत वेगळा कागद जोडला आहे. त्यावर मी लिहिलं आहे: "मी, सुमनबाई भुजंगराव, वय सदुसष्ट, निवृत्त अंगणवाडी सेविका, मु. पो. बोरी, लिहून देते की ८ ऑक्टोबरला दुपारी माझ्या नातवाच्या पोटाला बिब्बा मी लावला. त्या वेळी त्याची आई घरात नव्हती. तिला मी विचारलं नाही आणि नंतर सांगितलं नाही. बिब्ब्यानं कातडी भाजते हे मला माहीत होतं." पासपोर्टवरचं त्याचं नाव बारशाच्या पत्रिकेवरून बघून, अक्षर अक्षर जुळवून घातलं आहे. खाली सही आहे. खाडाखोड नाही.

हा कागद अठ्ठावीसच्या आत त्या बायकांच्या हातात पडला पाहिजे. त्याचं इंग्रजी ओमप्रकाशनं करायचं. तू करू नकोस, दुसऱ्या कोणाकडून करून घेऊ नकोस. त्यानं शेवटचं वाक्य स्वतःच्या हातानं लिहिलं पाहिजे. आधी हे पत्र त्याला वाचायला दे, पुऱ्यांचा भाग गाळू नकोस. आणि तू नोकरी सोडायची नाहीस. हे सासू म्हणून सांगते आहे, माझं एवढं एक ऐक.

सृष्टीला सांग की आज्जीनं खोटं सांगितलं होतं, ते औषध नव्हतं. आणि तिला गप्प बसायची आता गरज नाही.

मला फेब्रुवारीत यायला मिळणार नाही हे मी जाणून आहे. कदाचित कधीच नाही. नागनाथ चालायला लागेल ते मी फोनवरच बघेन. कोकिळा परत आली की तिला घरात बोलावून सांगायचं आहे, तेही सोपं नाही, पण तिला यायला मार्च-एप्रिल उजाडेल.

संडासातल्या कॅलेंडरवरून माझं नाव खोडावंसं वाटलं तर खोड. नाही खोडलंस तर चौदा मार्चला फोन कर.

तू ज्याला गुण आहे म्हणालीस त्याच हातानं लिहिलेलं,

सुमनबाई